वेळ विचारणारं पान

"आता गेलं ते," सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या जाड काचेच्या पडद्यावर निळं पान येऊन अडलं होतं. खालच्या खोक्यातला पंखा तेवढा घरघरत होता. हिमानी दारात उभी होती. आठ महिन्यांची श्रेया तिच्या खांद्यावर होती आणि आईच्या वेणीचं टोक चघळत होती.

"गेलं तर जाऊ द्या ना, बाबा," मिहिर बूट घालता घालता म्हणाला. वाळूजच्या कंपनीची बस चौकात यायची वेळ झाली होती. "भंगारवालासुद्धा दोनदा विचार करेल त्याचा. मी मोबाइलवर अ‍ॅप टाकून देतो. बोट लावलं की कुंडली."

"बघितलंय ते अ‍ॅप. राहू पिवळा, केतू गुलाबी, आणि मधोमध वधू-वर मेळाव्याची जाहिरात. मला बायको आहे."

"आहे, आणि तिनं चहा ठेवून पाव तास झाला," कालिंदीबाई आतून म्हणाल्या.

मिहिर हसत हसत गेला. सदाशिवराव उठले नाहीत. निळ्या पानाकडे बघत बसले. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी लिपिक म्हणून केलेला माणूस. हापिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे त्याला लांबून नमस्कार करत होते. शॉक बसेल म्हणून शिपाई धूळ झटकेना. सदाशिवरावांनी मात्र खुर्ची ओढली आणि बसले. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरून गेलं होतं. कुणाचा आकडा चुकला, कुणी मशीनवर खापर फोडलं, की ते शांतपणे म्हणायचे, "मशीन चुकत नाही. माणूस चुकतो."

ज्योतिष हा त्यांच्या वडिलांकडून आलेला नाद. त्याचा त्यांनी धंदा केला नाही. कालव्याच्या कामानं ज्या गावांत ओळखी झाल्या, तिथली माणसं निवृत्तीनंतरही गारखेड्याच्या या घरी येत राहिली. हापिसातल्यासारखंच त्यांना 'भाऊसाहेब' म्हणत. खेड्यातल्या माणसाला जन्मवेळ कुठून ठाऊक असणार? 'पोळ्याच्या आदल्या दिवशी, गुरं परत येताना' एवढंच. म्हणून भाऊसाहेब प्रश्नकुंडली मांडायचे. माणूस येऊन प्रश्न विचारतो तो क्षणच त्या प्रश्नाचा जन्म, त्या क्षणाची पत्रिका मांडायची आणि उत्तर त्यात बघायचं.

त्याची एक रीत होती. आलेला माणूस खुर्चीत बसला आणि बोलायला लागला, की ते तळहात वर करायचे. "काही सांगू नका. फक्त मनात धरा. सांगायचं ते पत्रिका सांगेल." मग मशीनवर तो जुना प्रोग्राम उघडायचा. नांदेडच्या कुणा गणिताच्या मास्तरांनी तो लिहिलेला होता. मास्तर गेले, प्रोग्राम राहिला. आधी एक पान यायचं. त्यावर आजची तारीख, आत्ताची वेळ, आणि खाली एकच ओळ: 'वेळ बरोबर आहे का?' सदाशिवराव मनगट वळवून घड्याळ बघायचे, पुन्हा पान बघायचे, आणि मग कळ दाबायचे. मग कुंडली.

"बाबा, मी बघू का?" हिमानी म्हणाली.

"तू काय बघणार? तुझी ती मोठाली सर्व्हरं..."

"ती सगळी आतून अशीच असतात."

पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून तिला दोन महिने झाले होते. सोडली म्हणजे बाळंतपणाची रजा लांबवत नेली आणि एक दिवस रजा संपून नोकरीच उरली नाही. त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नसे. तीही नसे.

श्रेया दुपारी झोपली की हिमानी त्या मशीनपुढे बसू लागली. झोप किती, याचा नेम नाही. कधी तासभर, कधी गल्लीत भंगारवाला ओरडला की दहा मिनिटांत मोडायची. तेवढ्यात जे होईल ते. मशीन चालवणारी नवी कुठलीही व्यवस्था, ऑपरेटिंग सिस्टिम, या खोक्याला पेलणार नव्हती. डोंगराएवढं ओझं कुठल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर द्यायचं? पण तिला ठाऊक होतं, जगात काही वेडे लोक असतात, ते अशाच म्हाताऱ्या मशीनांसाठी इवल्याइवल्या व्यवस्था बांधत बसतात. एका गाण्याएवढी जागा घेणारी. चित्रं नाहीत, आवाज नाहीत. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ.

मशीन जुनं, त्याला पेनड्राइव्ह ओळखता येईना. सीडी लागणार. क्रांती चौकातल्या दुकानदारानं खालच्या कप्प्यातून शोधून काढली आणि फुंकर मारून धूळ उडवली. "मॅडम, याला आता गिऱ्हाइकच नाय. लग्नाची शूटिंग हाय काय?"

"नाही. सासऱ्यांचं मशीन आहे."

"मग बरोबर," तो म्हणाला. काय बरोबर, ते त्यालाच ठाऊक.

हिमानीला हे काम फार आवडलं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दिवसभर सगळ्यांना तिच्याकडून काही ना काही हवं असे. श्रेयाला तर ती सगळीच्या सगळी हवी असे. हे मशीन मात्र सांगितल्याशिवाय काही करत नव्हतं, मागतही नव्हतं. एक एक तुकडा ती उचलून बघायची. हा लागतो का? नाही. काढला. मशीन चालतंय? चालतंय. मग पुढचा. आतली नाण्याएवढी बॅटरी बसून गेली होती, ती घड्याळजीकडून नवी आणून घातली. घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेतलं. मास्तरांचा प्रोग्राम जुना होता, त्याला जुनंच वातावरण लागतं, ते बांधून दिलं. मशीन चालू केलं की थेट प्रोग्राम उघडेल असं केलं. आणि मधलं ते वेळ विचारणारं पान. ते रोज येतं, रोज वेळ बरोबरच असते, बाबांची बोटं संधिवातानं वाकडी झालीत, एक कळ कमी दाबावी लागेल. तेही तिनं वगळलं.

"बघा," एका दुपारी ती म्हणाली.

सदाशिवरावांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी भराभर वर गेल्या आणि घोटभर पाणी प्यावं एवढ्या वेळात कुंडलीची चौकट समोर आली. पूर्वी ती येईपर्यंत कालिंदीबाईंची देवपूजा व्हायची.

त्यांनी स्वतःची जन्मतारीख घातली. आली. कालिंदीबाईंची घातली. आली. श्रेयाची घातली, ती जरा जास्त वेळ बघितली.

"सगळं जागच्या जागी आहे," ते म्हणाले. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "पोरगी झोपली की बसायचीस ना? मी बघत होतो."

*

मे महिना होता. पुढच्याच आठवड्यात पिशोरहून सर्जेराव आला. कालव्याच्या काळापासूनची ओळख. अद्रक आणि मका करणारा, उंचापुरा, पन्नाशीचा गडी. भर दुपारी एसटीतून उतरून रिक्षासुद्धा न करता चालत आला होता.

"भाऊसाहेब, आमचा धाकला भाऊ..."

तळहात वर झाला. "काही सांगू नका. मनात धरा."

"मनात काय धरू? मनातच हाय दोन दिसापासून. गोकुळ घरातनं निघून गेला. त्याची बायकू रडून रडून..."

"सर्जेराव."

 सदाशिवरावांनी सवयीनं मनगट वळवून घड्याळ बघितलं. सव्वाबारा. ताडून बघायला समोर पान नव्हतं. चौकटच आली.

हिमानी स्वयंपाकघरात श्रेयाला वरणभात भरवत होती. तिला बाहेरची शांतता जाणवली, ती एवढ्यासाठी की ती नेहमीपेक्षा लांबली. सदाशिवराव चष्मा काढून पुसत होते. पुन्हा लावून बघत होते. मग त्यांनी कोनाड्यातलं पंचांग उघडलं, बोट ओळीवरून फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मिटून ठेवलं.

"पूर्वेला आहे," शेवटी ते म्हणाले. "लांब नाही. शोधायला जाऊ नका. स्वतःहून येईल."

"जाऊ नगं? मामा तर म्हनत्यात सुरतेला जाऊन बघू."

"पत्रिका म्हणते, जाऊ नका."

"मग नाय जात," सर्जेराव म्हणाला आणि उठला. पायरीवरून उतरताना त्याचे खांदे जरा सैल झाले होते.

त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत आणखी दोघं आली. एकाला सदाशिवराव म्हणाले, बरं वाटत नाही, नंतर या. दुसरीला म्हणाले, आता मी बघत नाही. हिमानीनं ते ऐकलं, पण उन्हाळ्यानं थकले असतील असं समजून सोडून दिलं. मशीनवर कालिंदीबाईंनी विणलेला रुमाल पडला. जेवताना ते भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे थांबले. एकदा हिमानीनं त्यांना पंचांग उलटसुलट करून त्याच्या मुखपृष्ठावरचं वर्ष वाचताना बघितलं. नोटेचा खरेखोटेपणा बघावा तसं.

"बाबांना एकदा डॉक्टरकडे न्यायला हवं," रविवारी मिहिर हलक्या आवाजात म्हणाला. "अण्णा आजोबांचं असंच सुरू झालं होतं. मागच्या वर्षीचं पंचांग घेऊन बसायचे आणि आज दसरा म्हणायचे. आपट्याची पानं आण म्हणून आईला पाठवायचे, भर शिमग्यात."

"काहीतरीच," हिमानी म्हणाली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं ते मनातून एकदा फिरवून बघितलं.

*

सोमवारी दुपारी श्रेया झोपली. मशीन बंद होतं. हिमानीनं रुमाल बाजूला केला. काम काहीच नव्हतं. आपण बांधलेल्या घरात उगाच एक फेरी मारावी तशी ती बसली. एक लहानशी फाइल लिहिली, जपून ठेवली, यादी बघितली. मशीननं पुढे त्या फाइलीच्या जन्माची वेळ टाकली होती. सकाळचे साडेआठ.

गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती. दुपारचे दोन वाजले होते.

तिला कळायला क्षणभरही लागला नाही. मशीनं जगाची वेळ धरतात ती लंडनकडची. आपण तिथून साडेपाच तास पुढे. हे मशीनला सांगणारी एक चिमुकली फाइल असते. ती तिनं लागत नाही म्हणून घातलीच नव्हती. मशीन तिच्याविना चालत होतं. जन्मपत्रिका बरोबर येत होत्या, कारण त्यांची वेळ माणूस हातानं घालतो. चुकत होती ती फक्त आत्ताची वेळ. आणि ती दाखवणारं एकुलतं एक पान तिनंच काढून टाकलं होतं.

हिमानीचा पत्रिकेवर विश्वास नव्हता. लग्नाच्या वेळी गुण जुळवले तेव्हा ती बाजूच्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर हसत होती. तिच्या लेखी सकाळची कुंडली काय नि दुपारची काय, सारखीच. तरी ती उठली आणि मागच्या अंगणात गेली. कालिंदीबाई वाळवणाच्या कुरडया उलटत होत्या.

"आई, दुपारी बाराची कुंडली मांडायची आणि चुकून सकाळी साडेसहाची निघाली, तर काय होतं?"

"काय होतं म्हणजे? सूर्य चुकतो." कालिंदीबाईंनी कुरडई हातातच धरली. "दुपारी तो डोक्यावर असतो, तर पत्रिकेत दहाव्या घरात बसतो. सकाळी उगवतो, तर पहिल्या घरात. एवढं मलाही कळतं. या घरात राहून कुणाला कळणार नाही?"

"म्हणजे बाबांना लगेच दिसेल."

"भर दुपारी सूर्य उगवताना दिसला तर आंधळ्यालाही दिसेल." मग त्या थांबल्या. कुरडई ताटात ठेवली. "हिमानी, काय झालंय?"

तिनं सांगितलं. कालिंदीबाई उन्हात तशाच उकिडव्या बसून राहिल्या.

"मला दोनदा विचारलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "कालिंदे, आजकाल दुपारी बाराला लग्नरास कुठली असते गं? मी म्हटलं सिंह. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. परवा पहाटे उठून बसले होते. म्हणाले, माझं अण्णांसारखं व्हायला लागलंय. जे असतं ते मला दिसत नाही, आणि नसतं ते दिसतं. मिहिरला सांगू नको म्हणाले." त्यांनी पदरानं मान पुसली. "मशीन चुकलं असेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही बघ. तू केलेलं म्हणून तर आलंच नाही."

सदाशिवराव व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत होते. पेपर हातात होता, वाचत नव्हते.

"बाबा, चूक माझी आहे," हिमानी उभ्यानंच म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. लंडन, साडेपाच तास, ती फाइल, ते पान. मधे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करणं जड गेलं असतं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे सिंहच लग्न होतं."

"मला ते कळत नाही, बाबा. पण मशीन साडेपाच तास मागं होतं, एवढं नक्की."

"पंचांगातही सिंहच होतं. मी वाचलं ते बरोबर वाचलं होतं." त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा घातली, अगदी पाकिटाएवढी केली. "मी बरोबर होतो."

दारात कालिंदीबाई येऊन उभ्या होत्या. "झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "आता आजच्या आमटीत मीठ कमी आहे म्हणा बरं एकदा."

सदाशिवराव हसले. बऱ्याच दिवसांनी दात दिसले त्यांचे. हिमानीला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्यांचा चेहरा पुन्हा बदलला.

"सर्जेराव," ते म्हणाले.

ते आत गेले. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर हातानं चौकट काढली. त्या दिवशीचे सव्वाबारा. बोटांवर मोजत, पंचांग बघत, एकेक ग्रह घरात बसवला. सूर्य दहाव्यात. 

"काय म्हणतंय?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"दक्षिणेला गेलाय. लांब. आणायला गेल्याशिवाय यायचा नाही. उशीर करू नये." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी सांगितलं, जाऊ नका. माझ्या डोळ्यांना जे दिसत होतं ते सोडून मशीनचं सांगितलं."

सर्जेरावचा फोन लागेना. संपर्क क्षेत्राबाहेर. संध्याकाळी लागेना, सकाळी लागेना.

"मी एसटीनं जाऊन येतो," सदाशिवराव टोपी शोधत म्हणाले.

"या उन्हात? आणि काय सांगणार त्याला?"

"चुकलं म्हणून सांगणार. अजून जाऊन बघ म्हणणार."

"मी गाडी काढते," हिमानी म्हणाली.

*

फुलंब्री मागं पडली. कालिंदीबाईंच्या मांडीवर श्रेया झोपली होती. सदाशिवराव पुढच्या सीटवर, तो कॅलेंडरचा कागद खिशात घालून ताठ बसले होते. नांगरून तापत पडलेली रानं, मधेच ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी. हिमानीला मनातल्या मनात एक गोष्ट हवी होती, गोकुळ सुखरूप असावा, आणि ती कुणाकडे मागावी हे तिला माहीत नव्हतं. आपला तर विश्वास नाही. त्या माणसाचं काही बरंवाईट झालं असेल तर त्याच्याशी सूर्याचा संबंध नाही, आपल्या फाइलीचा नाही. पण घरचे शोधायला गेले नाहीत, याच्याशी आहे. 

सर्जेरावचं शेत गावाच्या अलीकडेच होतं. शेडच्या सावलीत पाच-सहा बाया अद्रकीचं बेणं मोडत बसल्या होत्या. पलीकडे पाट्या उचलणारा एक तिशीचा माणूस गाडी बघून थांबला. सर्जेराव हात झटकत धावत आला.

"आता गं बया. भाऊसाहेब? येवढ्या उन्हाचं? म्या येत्या सोमवारी येनारच व्हतो की अद्रक घिऊन."

"सर्जेराव, गोकुळ?"

"ह्यो काय. ए गोकुळ्या, हिकडं ये. पाया पड. तुझ्यापायी भाऊसाहेब गाडी करून आलं."

पाट्या उचलणारा माणूस आला आणि वाकला. सदाशिवरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो तसाच राहिला.

"कुठं होतास?"

"जालन्याला. सळईच्या कारखान्यात."

"बगा," सर्जेराव म्हणाला, "तुमी म्हनलात उगवतीकडं हाय, जवळ हाय, हुडकू नगं. जालना म्हंजी उगवतच की. मामा म्हनत व्हते पुन्याला जाऊ, सुरतेला जाऊ. म्या म्हनलं, नाय. भाऊसाहेबाचं मशीन खोटं बोलत नाय. गावात समद्यांला सांगितलंय म्या."

बायांनी हातातलं काम थांबवलं होतं. त्यातली एक, बहुधा गोकुळची बायको, पदर सावरून खाली बघत होती.

"सर्जेराव," सदाशिवराव म्हणाले. "त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. मशीनचं घड्याळ मागं होतं. खरी पत्रिका वेगळी होती. ती म्हणत होती, दक्षिणेला आहे, तुम्ही जाऊन आणा. तेच सांगायला आलोय."

सर्जेरावनं त्यांच्याकडे, मग भावाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं हसला. "आवो, चुकीचं कसं? मानूस तर आला न्हवं? घड्याळ मागं आसंल न्हाय तर म्होरं."

"हाणायला आलो होतो मी," गोकुळ एकदम म्हणाला. त्याचा आवाज जाड होता. "ह्यानं चार मान्सांत माझ्या बायकूसमोर मला बिनकामाचं म्हनलं. म्या म्हनलं, आता पाया पडत आला तरी यायचं नाय. रोज सुट्टी झाली की गेटाकडं बघायचो, कोन आलंय का. कोनीच यीना. पंधरा दिस. मग डोकंच फिरलं. म्हनलं, मी मेलो का जितो, हेबी बघंना कोन. भांडाय म्हून आलो."

"मंग भांडला का?" एक म्हातारी म्हणाली. "आला आन् रडत बसला."

"तू गप गं मावशे."

बाया हसल्या. सर्जेरावनं गाडीच्या डिकीत अर्धं पोतं अद्रक टाकलं, सदाशिवराव नको नको म्हणत असताना. काचेतून आत वाकून त्यानं श्रेयाच्या मुठीत अद्रकीचं एक मोडलेलं बोट दिलं. तिनं ते तोंडात घातलं आणि तिचं तोंड असं झालं की सगळे पुन्हा हसले.

*

परतीच्या वाटेवर गाडीत अद्रकीचा ओला वास भरून राहिला होता.

"शोधायला गेले असते तर आला नसता," सदाशिवराव म्हणाले. ते कुणाला सांगत नव्हते.

"बाबा, असं होतं कधी कधी," हिमानी म्हणाली. "योगायोग असतो."

 फुलंब्रीच्या बाजारातून जाताना एका बैलगाडीमागं थांबावं लागलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू त्या मशीनमधलं काय काय काढून टाकलंस. कसं ठरवलंस गं? काय लागतं आणि काय नाही?"

"काढून बघायचं. काढल्यावरही मशीन चाललं, तर ते लागत नव्हतं."

"हं."

बैलगाडी बाजूला झाली. तिनं गिअर टाकला.

"वेळ चुकली तरी चालत तर होतंच की," ते म्हणाले.

त्यांनी खिशातला कॅलेंडरचा कागद काढला. काच खाली करून टाकून देतील असं तिला वाटलं. त्यांनी तो उलगडून बघितला, पुन्हा त्याच घड्यांवर मोडला आणि खिशात ठेवला.

घरी आल्यावर श्रेया झोपण्याची वाट न बघता, तिला मांडीवर घेऊनच हिमानी मशीनपुढे बसली. ती फाइल घातली. श्रेयानं मधेच कळफलकावर पंजा मारला, तेवढ्या ओळी पुसून पुन्हा लिहाव्या लागल्या. आता वेळ बरोबर होती.

"ते मधलं पानही परत आण," मागून सदाशिवराव म्हणाले. "विचारू दे त्याला."

गल्लीत बातमी फिरली होतीच. पिशोरच्या माणसाचा हरवलेला भाऊ. पुढच्या आठवड्यात दोन गल्ल्या पलीकडची राजनंदिनी आली. कडेवर मूल नाही, हातात पर्स, डोळे सुजलेले. हिमानीच्या वयाची. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तळहात वर व्हायची वाट बघत गप्प राहिली. इथली रीत तिला कुणीतरी सांगितली असणार.

सदाशिवरावांनी बटण दाबलं. पांढऱ्या ओळी वर गेल्या. पान आलं. तारीख, वेळ, आणि खाली एक ओळ: 'वेळ बरोबर आहे का?' त्यांनी मनगट वळवलं. घड्याळ बघितलं, पान बघितलं. दोन्ही सारखं होतं. बाहेर ऊन डोक्यावर होतं. बोट कळीवर गेलं.

हिमानी दाराशी ताक घेऊन उभी होती. तिला ते वाकडं बोट दिसत होतं. ते कळीवर टेकलं नाही, उचललंही नाही.

मग सदाशिवरावांनी हात मागं घेतला. खुर्ची टेबलापासून ओढून त्या बाईच्या दिशेनं वळवली. चष्मा काढून वरच्या खिशात ठेवला.

"काय झालंय?" ते म्हणाले. "आधी तुम्ही सांगा. सावकाश सांगा."

राजनंदिनी गोंधळली. तिनं एकदा मशीनकडे बघितलं, एकदा दारातल्या हिमानीकडे. मग सांगू लागली. सुरुवात नीट झाली नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. सदाशिवराव गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. हिमानीनं ताकाचा पेला आवाज न करता टेबलावर ठेवला. त्यांच्या पाठीमागं पान तसंच उघडं होतं. त्यावरची वेळ मघाचीच होती, आणि रेघ लुकलुकत होती.